पावसाळ्यातील सर्दी, छातीतली शिट्टी आणि ‘हा बाळदमा आहे का?’ हा प्रश्न

जून महिन्यात शाळा आणि अंगणवाड्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत आम्हा बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातील गर्दीचे स्वरूप बदलते. मोठे भावंड वर्गातून सर्दी घेऊन येते, त्याचे नाक दोन दिवस वाहून थांबते, आणि घरातल्या दीड वर्षाच्या धाकट्याची मात्र तिसऱ्या दिवशी छाती भरते, रात्री पोट उडू लागते आणि श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो. असे पहिल्यांदा झाले तर घरचे घाबरतात. त्याच मोसमात तिसऱ्यांदा झाले की मात्र घाबरण्याची जागा एक ठरलेला प्रश्न घेतो: ‘डॉक्टर, हा बाळदमा आहे का?’ मी बहुतेक वेळा ‘आत्ताच सांगता येणार नाही’ असे उत्तर देतो, आणि डॉक्टर काहीतरी लपवत आहेत किंवा त्यांना नीट कळलेले नाही असा संशय समोरच्या चेहऱ्यांवर उमटतो. गर्दीच्या वेळी सविस्तर बोलणे जमत नाही, म्हणून त्या उत्तरामागे काय आहे ते इथे सवडीने मांडतो.

आधी छातीत घडते काय, ते पाहू. मोठ्या माणसाला ज्या विषाणूमुळे नुसती सर्दी होते, तोच विषाणू लहान बाळाच्या श्वासनलिकांच्या अगदी बारीक शाखांपर्यंत उतरतो. तेथील अस्तराच्या पेशी मरून गळून पडतात, अस्तर सुजते आणि चिकट स्राव साठतो. नळीतून हवा संथपणे वाहत असताना त्रिज्या निम्मी झाली, तर हवेला होणारा अडथळा दुप्पट न होता सोळा पट होतो, हे भौतिकशास्त्राचे गणित येथे निष्ठुरपणे लागू पडते. प्रौढाच्या रुंद श्वासनलिकेत एखाद्या मिलिमीटरची सूज जाणवतही नाही. बाळाच्या नळीत तेवढ्याच सुजेने वाट जवळजवळ बंद होते. श्वास सोडताना या नळ्या मुळातच थोड्या आकसतात, त्यामुळे हवा आत जाते पण बाहेर पडताना अडकते आणि शिट्टी उच्छ्वासाच्या वेळी ऐकू येते.

घरचे जिला घरघर म्हणतात ती प्रत्येक वेळी ही शिट्टी नसते. नाकात आणि घशात रुळणाऱ्या शेंबडाचा आवाज पाठीवर हात ठेवला तरी जाणवतो. आयांना त्याचीच जास्त भीती वाटते आणि प्रत्यक्षात तो बहुधा निरुपद्रवी असतो. खरी शिट्टी कित्येकदा स्टेथोस्कोपशिवाय ऐकूही येत नाही, आणि आवाजापेक्षा बरगड्यांखालचा खळगा आत ओढला जाणे अधिक महत्त्वाचे असते. म्हणून मी पालकांना सांगतो, की रात्री दोन वाजता बाळाचे जे काही होते, त्याचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण मोबाईलवर करून ठेवा. अंगातले झबले वर करा, छाती आणि पोट दोन्ही दिसू द्या, आणि मागे दूरदर्शन संच चालू असेल तर तो बंद करा. सकाळी दवाखान्यात आलेले मूल अनेकदा हसत खेळत असते आणि त्या चित्रणावरूनच निदानाला दिशा मिळते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. लहानपणी छाती वाजणाऱ्या मुलांपैकी पुढे किती जणांना दमा होतो, याचे सर्वांत उपयोगी उत्तर अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन या वाळवंटी शहरातून आले. तेथे १९८० पासून जन्मलेल्या बाळांची नोंद करून त्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला गेला, आणि १९९५ मध्ये फर्नांडो मार्टिनेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतील ८२६ मुलांची सहाव्या वर्षापर्यंतची हकिकत प्रसिद्ध केली. सुमारे निम्म्या मुलांची छाती एकदाही वाजली नव्हती. पहिल्या तीन वर्षांत जवळजवळ एक तृतीयांश मुलांची छाती वाजली होती. पण त्या गटातील दहापैकी सहा मुले सहाव्या वर्षी पूर्ण बरी होती. टक्केवारीत सांगायचे तर १९.९ टक्के मुलांचा त्रास लवकर सुरू होऊन थांबला, १३.७ टक्के मुलांचा टिकून राहिला आणि १५ टक्के मुलांचा त्रास तीन वर्षांनंतर सुरू झाला.

या आकड्यांइतकेच महत्त्वाचे म्हणजे ही मुले एकमेकांपासून कुठे वेगळी होती हे. ज्यांचा त्रास पुढे थांबला, त्यांच्या फुप्फुसांची क्षमता आजारी पडण्यापूर्वीच, पहिल्या वर्षाच्या आत केलेल्या मोजणीत कमी भरली होती, आणि त्यांच्यातील अनेकांच्या आया धूम्रपान करणाऱ्या होत्या. ही मुले जन्मतःच अरुंद नळ्या घेऊन आलेली होती. नळ्या वाढल्या आणि त्रास संपला. ज्यांचा त्रास टिकला, त्यांची फुप्फुसे सुरुवातीला व्यवस्थित होती, पण त्यांच्या आयांना दम्याचा इतिहास अधिक होता आणि नवव्या महिन्यातच त्यांच्या रक्तात ॲलर्जीशी निगडित असलेले आयजीई हे प्रतिपिंड (अँटीबॉडी) जास्त आढळले होते. सहाव्या वर्षापर्यंत त्यांची फुप्फुसेही मागे पडली होती. दीड वर्षाच्या मुलाची छाती स्टेथोस्कोपने तपासताना ही दोन्ही मुले अगदी सारखीच ऐकू येतात, आणि ‘आत्ताच सांगता येणार नाही’ या माझ्या वाक्याचा अर्थ एवढाच असतो.

विषाणूंबद्दल बोलायचे तर दोन नावे पुढे येतात. पहिला रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस, म्हणजे आरएसव्ही. तो १९५६ मध्ये अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये प्रथम सापडला आणि आरंभी त्याला चिंपांझीच्या सर्दीचा घटक असेच नाव मिळाले. पुढच्याच वर्षी रॉबर्ट चॅनॉक यांनी बाल्टिमोरमधील आजारी बाळांमध्ये तोच विषाणू दाखवून दिला. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला त्याचा एकदा तरी संसर्ग झालेला असतो. बहुतेकांना सर्दीपलीकडे काही होत नाही, पण सहा महिन्यांखालील आणि विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ब्राँकिओलायटिस, म्हणजे बारीक श्वासनलिकांची सूज, होऊन प्राणवायू लावण्याची वेळ येते. आपल्याकडे अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात गावोगावी फिरून झालेल्या अभ्यासात, रुग्णालयापर्यंत न पोहोचता घरीच दगावलेल्या बाळांमध्येही हा विषाणू आढळला. केवळ रुग्णालयांच्या नोंदींवर विसंबून असलेल्या आकडेवारीत ही बाळे कधीच आली नसती.

दुसरे नाव रायनोव्हायरसचे. साध्या सर्दीचा विषाणू म्हणून त्याला कोणी फारसे गांभीर्याने घेत नसे. त्याचे दीडशेहून अधिक प्रकार आहेत आणि ते अ, ब, क अशा तीन गटांत मोडतात. यांतील क गट प्रयोगशाळेतील नेहमीच्या पेशींमध्ये वाढत नसल्यामुळे २००६ पर्यंत कोणाच्या लक्षातच आला नव्हता. नेमका हाच गट लहान मुलांच्या छातीला अधिक त्रास देतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन येथे, घरात ॲलर्जीचा किंवा दम्याचा इतिहास असलेल्या मुलांचा जन्मापासून अभ्यास झाला. पहिल्या तीन वर्षांत रायनोव्हायरसमुळे ज्यांची छाती वाजली, त्यांच्यात सहाव्या वर्षी दमा आढळण्याची शक्यता, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, जवळजवळ दहा पट होती. आरएसव्हीसाठी हेच प्रमाण अडीच पटीच्या आसपास होते. आरएसव्ही बाळाला अधिक गंभीर आजारी पाडतो, तर दम्याची चाहूल रायनोव्हायरसकडून अधिक मिळते. टूसॉनच्या मुलांतही आरएसव्हीनंतर छाती वाजण्याचा धोका वयानुसार ओसरत गेला आणि तेराव्या वर्षापर्यंत तो वेगळा दिसेनासा झाला.

मग रायनोव्हायरस दमा निर्माण करतो, की मुळात दम्याकडे झुकलेले मूल कोणते हे फक्त दाखवून देतो? या विषयातला मला सर्वांत रंजक वाटणारा प्रश्न हाच आहे. मॅडिसनच्याच मुलांमध्ये पुढे असे दिसले, की ॲलर्जीची प्रवृत्ती आधी येते आणि रायनोव्हायरसने छाती वाजणे नंतर. उलटा क्रम तितकासा आढळत नाही. २०१३ मध्ये असेही दिसून आले, की १७ व्या गुणसूत्राच्या एका विशिष्ट भागातील बदल ज्या मुलांमध्ये असतात आणि ज्यांची छाती रायनोव्हायरसमुळे वाजलेली असते, त्यांच्यातच दम्याचा धोका ठळकपणे वाढतो. म्हणजे विषाणू, ॲलर्जी आणि आनुवंशिकता यांची गाठ एकत्रच बसते. विषाणूने अस्तराला केलेली इजा त्या गाठीत भर घालत असावी असे मानायला जागा आहे, पण सर्दी झाली म्हणून दमा झाला, असे सरळ समीकरण मांडता येत नाही. ‘त्या दिवशी पावसात भिजला म्हणून’ किंवा ‘आईने दही खाल्ले म्हणून’ ही समीकरणे तर सोडूनच द्यावीत. त्यांचा भुर्दंड नेहमी आईलाच बसतो.

आरएसव्हीच्या बाबतीत या प्रश्नाची प्रत्यक्ष कसोटीही झाली आहे. नेदरलँड्समध्ये ३३ ते ३५ आठवड्यांत जन्मलेल्या ४२९ बाळांपैकी निम्म्यांना आरएसव्हीला रोखणारे तयार प्रतिपिंड दरमहा टोचले आणि उरलेल्यांना निष्क्रिय द्रव टोचला. पहिल्या वर्षात, प्रतिपिंड मिळालेल्या बाळांची छाती वाजण्याचे दिवस ६१ टक्क्यांनी कमी झाले. २०१३ मध्ये हे निष्कर्ष आले तेव्हा मोठी आशा निर्माण झाली. तीच मुले सहा वर्षांची झाल्यावर श्वसनक्षमता मोजली, तेव्हा दोन्ही गटांत फरक राहिला नव्हता. माझ्या मते हा निकाल निराशाजनक मानण्याचे कारण नाही. जागरणाच्या रात्री आणि रुग्णालयाचे दिवस टळणे ही स्वतःच मोठी गोष्ट आहे. फक्त त्यातून दमा टळेल असे आश्वासन कोणी देऊ नये.

उपचारांकडे वळताना एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. एक वर्षाखालील बाळाला पहिल्यांदाच ब्राँकिओलायटिस झाला असेल, तर नळ्या रुंद करणाऱ्या सॅल्ब्युटामॉलचा बहुधा काहीच उपयोग होत नाही, कारण तेथे अडथळा सुजेचा आणि स्रावाचा असतो, स्नायू आवळल्याचा फारसा नसतो. अशा बाळाला नाक मोकळे करणे, थोडे थोडे दूध पाजणे आणि गरज पडल्यास प्राणवायू एवढेच लागते, आणि दिवसातून चार वेळा ‘वाफ’ देऊन आणल्याचे समाधान बाळापेक्षा घरच्यांनाच जास्त मिळते. त्याहून मोठ्या, वारंवार छाती वाजणाऱ्या मुलाला मात्र सॅल्ब्युटामॉलने आराम पडतो, आणि ते देण्याची उत्तम पद्धत म्हणजे स्पेसर (औषधाचा फवारा साठवणारी प्लास्टिकची पोकळ नळी) व मास्क लावलेला पंप.

पंपाचे नाव काढले की आजी पुढे सरसावतात: ‘पंप नको हो डॉक्टर, त्याची सवय लागते, आधी औषध देऊन बघा.’ त्यांना मी दोन आकडे सांगतो. पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम सॅल्ब्युटामॉल असते. त्याच औषधाच्या नेहमीच्या पातळ औषधात, एका चमच्यात, म्हणजे पाच मिलिलिटरमध्ये, दोन मिलिग्रॅम, म्हणजे त्याच्या वीस पट असते. ते पोटातून रक्तात जाऊन सगळ्या शरीरभर फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते, मूल रात्रभर झोपत नाही, आणि छातीला आराम मात्र कमी मिळतो. गोड चवीच्या बाटलीला सौम्य समजणे आणि प्लास्टिकच्या नळीला भिणे ही आपल्याकडची जुनी गफलत आहे.

पंप देण्याची कृती मात्र नीट शिकून घ्यावी लागते. पंप हलवून स्पेसरला जोडावा, मूल मांडीवर पाठ टेकवून बसवावे आणि मास्क नाकातोंडावर असा बसवावा, की कडेने हवा निसटणार नाही. एकदाच दाबावे, मुलाला पाच-सहा श्वास शांतपणे घेऊ द्यावेत, आणि दुसरा दाब हवा असेल तर पंप पुन्हा हलवून अर्ध्या मिनिटाने द्यावा. दोन दाब एकत्र देऊन वेळ वाचत नाही, औषध वाया जाते. रडणाऱ्या मुलाच्या फुप्फुसात औषध फारच कमी पोहोचते, त्यामुळे दोघांनी हातपाय धरून पंप देण्याची घरगुती रीत व्यर्थ आहे. त्यापेक्षा एरवीच्या वेळी मास्क बाहुलीला लावून खेळू द्यावा. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळू द्यावा. फडक्याने पुसला की प्लास्टिकवर स्थिर विद्युत भार तयार होतो आणि औषधाचे कण आतल्या भिंतीलाच चिकटतात.

तोंडाने द्यायच्या स्टेरॉइडबद्दल डॉक्टरांमध्येही सवयीचा भाग बराच आहे. इंग्लंडमध्ये १० ते ६० महिने वयाच्या ६८७ मुलांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सर्दीमुळे सौम्य ते मध्यम प्रमाणात छाती वाजणाऱ्या मुलांना प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देऊन रुग्णालयातील मुक्काम कमी झाला नाही. पुढे २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील चाचणीत, थोड्या मोठ्या मुलांमध्ये, काही तासांचा फायदा दिसला. यावरून माझा पायंडा असा, की गंभीर त्रासात किंवा ॲलर्जीची लक्षणे असलेल्या मुलाला ते जरूर द्यावे, पण प्रत्येक सर्दीला पाच दिवसांचा डोस लिहू नये. मॉन्टेलुकास्ट हे दम्यावरचे गोड औषधही आपल्याकडे सर्रास लिहिले जाते. पाच वर्षांखालील मुलांना सर्दीच्या वेळी ते देऊन त्रास कमी होत नाही, हे ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत २०१४ मध्ये दिसले आहे, आणि चिडचिड, दुःस्वप्ने, वागणुकीतील बदल यांमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. प्रतिजैविकांना विषाणूंवर काहीही करता येत नाही, एवढे पुरे.

रोज ओढायच्या स्टेरॉइडच्या पंपाची गोष्ट वेगळी आहे. सर्दी नसतानाही ज्याला खोकला येतो, धावल्यावर किंवा हसल्यावर धाप लागते, ज्याच्या अंगावर इसब आहे किंवा ज्याच्या आईवडिलांना दमा आहे, त्याला त्याचा निश्चित फायदा होतो. मात्र तो सुरू असेपर्यंतच होतो. दोन-तीन वर्षांच्या, दम्याचा धोका जास्त असलेल्या २८५ मुलांना सलग दोन वर्षे असा पंप देऊन नंतर थांबवला, तेव्हा पुढच्या वर्षभरात त्यांचा त्रास पंप न मिळालेल्या मुलांइतकाच झाला. हा २००६ मधील निष्कर्ष. म्हणून आधीच पंप सुरू केला तर दमा मुळातून जाईल, हे आश्वासन मी देत नाही.

खोकल्याच्या औषधांबद्दल २०२५ नंतर वेगळे सांगण्याची गरज पडू नये. त्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात, डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन असलेल्या खोकल्याच्या औषधामुळे मूत्रपिंडे निकामी होऊन वीसहून अधिक मुले दगावली; त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. दोन वर्षांखालील मुलांना खोकल्याची आणि सर्दीची औषधे देऊ नयेत, अशी केंद्र सरकारची सूचना त्यानंतर निघाली. ती औषधे शुद्ध असती तरी छातीच्या शिट्टीवर त्यांचा काहीच उपयोग नव्हता.

धुराचे मात्र सांगावेच लागते. बाळाला न्हाऊ घातल्यावर ओवा, वावडिंग आणि ऊद यांची धुरी देण्याची रीत कित्येक घरांत अजून आहे, आणि शेगडीतल्या निखाऱ्यांवरून बाळाला फिरवताना आजीच्या मनात माया असते यात शंका नाही. परंतु तो धूर आधीच अरुंद असलेल्या नळ्यांत जातो. चुलीचा, डासांच्या अगरबत्तीचा आणि वडिलांनी गॅलरीत जाऊन ओढलेल्या सिगारेटचा धूरही तसाच. घरातील वडीलधाऱ्यांना दुखावल्याशिवाय धुरी बंद करण्याचा उपाय म्हणून मी ‘डॉक्टरांनी मना केले आहे’ असे लिहून, सही करून देतो. त्या कागदाने अनेक सुनांचे काम सोपे केले आहे.

प्रतिबंधाच्या बाबतीत आरएसव्हीची लस इतकी उशिरा का आली, याला एक कटू इतिहास आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेत बाळांना दिलेल्या, मारलेल्या विषाणूपासून केलेल्या लसीने संरक्षण मिळण्याऐवजी पुढचा संसर्ग अधिक उग्र झाला आणि दोन बाळे दगावली. पेशीशी जुळण्यापूर्वी विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनाचा आकार कसा असतो, हे २०१३ मध्ये कळल्यानंतरच वाट मोकळी झाली. २०२३ पासून अमेरिकेत आणि युरोपात गरोदर स्त्रियांना द्यायची लस आणि नवजात बाळाला एकदाच टोचायचे, पूर्ण मोसमभर टिकणारे निरसेव्हिमॅब हे प्रतिपिंड, असे दोन्ही मार्ग उपलब्ध झाले. रायनोव्हायरसचे प्रकार इतके आहेत, की त्यावर लस अजून नाही. हात धुणे, सर्दी झालेल्या मोठ्या भावंडाने बाळाच्या तोंडाजवळ तोंड न नेणे आणि फ्लूची वार्षिक लस घेणे, एवढे आपल्या हाती आहे.

घरी केव्हा थांबू नये, तेही सांगून ठेवतो. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळात ६० किंवा अधिक, वर्षाच्या आत ५० किंवा अधिक आणि पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास असतील, बरगड्यांखाली खळगा पडत असेल, दूध ओढताना मूल थांबून थांबून श्वास घेत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंप देऊनही तासाभरात पुन्हा धाप लागत असेल, तर रात्रीचे किती वाजले आहेत हे न पाहता रुग्णालय गाठावे.

आणि मूल पूर्ण बरे असताना, दिवाळीच्या सुमारास, एकदा दाखवून जावे असा माझा आग्रह असतो. आजारपणात न सुचलेले प्रश्न त्या वेळी विचारता येतात: मधल्या काळात सर्दीशिवाय खोकला झाला का, रात्री जाग येते का, कातडीवर काही आहे का, वजन वाढले का. येताना पंप आणि स्पेसर दोन्ही आणावेत. पंपात साधारण २०० दाब असतात. त्यातील औषध संपल्यावरही आतला वायू काही काळ फवारा देत राहतो, त्यामुळे रिकामा पंप भरलेलाच वाटतो. पाण्यात तरंगतो का हे पाहण्याची युक्तीही भरवशाची नाही. नवा पंप उघडला त्या दिवशीची तारीख डब्यावर पेनाने लिहून ठेवावी आणि दिलेल्या दाबांची नोंद कॅलेंडरवर करावी.